ऑक्सिमीटरवरचा दुसरा आकडा

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी करते. सराव परीक्षेत जीवशास्त्रात 360 पैकी 210च्या वर सरकत नाही. टेस्टच्या दिवशी छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात म्हणते. मागच्या रविवारी निघण्याआधी कोरोनातला ऑक्सिमीटर लावला : ऑक्सिजन 99, नाडी 128. म्हणजे नाटकंच ना? गुण घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो, तरी फरक नाही. वर्षभर ड्रॉप घ्यायला लावू का?

उत्तर : 210 गुणांची मला काळजी वाटली नाही. ‘नाटकं’ या शब्दाची वाटली. ऑक्सिमीटरवर दोन आकडे होते आणि तुम्ही एकच वाचलात. शांत बसलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100 असते. घाबरलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात आणि हृदय धावायला लागतं. 128चं नाटक कुणालाही वठवता येत नाही.

श्वास पुरत नाही म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, हा समज तेवढा काढून टाका. श्वासाचा लगाम मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या हातात असतो. भीतीने भराभर श्वास घेतला की हा वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ऑक्सिजन मात्र 99च दिसतो. अशा वेळी ‘जोरात श्वास घे’ म्हटलं तर त्रास वाढतो. सावकाश, लांब उच्छ्वास सोडायला सांगा. हा धडा तिचा पाठ असेल. पेपरात तो आठवत का नाही, हेही यातच आलं.

अर्थात, हे फक्त भीतीमुळेच होतंय असं पत्रावरून मी ठरवणार नाही. रक्त कमी असलं, थायरॉइड वाढलेलं असलं तरी धडधड होते. याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी होऊ द्या. सगळं ठीक निघालं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आणि ग्रुपवर गुण टाकणं आजपासून बंद. काका, मामा, आत्या सगळ्यांसमोर दर रविवारी तिचा निकाल लागतो. कुठल्याही मुलीची छाती धडधडेल!

ड्रॉपचा निर्णय आत्ता नको. नीटशिवाय बी.फार्म.साठी सीईटी आहे, नर्सिंगची वेगळी सीईटी आहे. ते नंतर बघू. तुमच्या एवढ्या पत्रात तिला काय व्हायचंय, याची एक ओळ नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.