चेंबरलेन 27.2, रॉडमन 18.7: एवढ्यावर निकाल लावू नका

बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचे 1960-61 मधले सामन्यामागे 27.2 आणि डेनिस रॉडमनचे 1991-92 मधले 18.7 रिबाउंड (म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) शेजारी ठेवून, रिबाउंड घेण्यात मोठा कोण यावर तुम्ही विचारलंय, "आता वाद कसला?" नेमक्या याच हिशेबाने आमचं नुकसान केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

चेंबरलेनच्या त्या हंगामात एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, जेमतेम 41-42 टक्के शॉट पडायचे, खेळही धावता. संघाला सामन्यामागे 73 च्या आसपास रिबाउंड मिळायचे. रॉडमनच्या वेळी 47 टक्के शॉट पडू लागले आणि रिबाउंड 44 वर आले. या सरासरीशी ताडलं तर चेंबरलेनचा वाटा 37 टक्के, रॉडमनचा जवळपास 43. हा ढोबळ हिशेब आहे बरं का. जुन्या आकड्यांत कुणाच्याच नावावर न चढणारे सांघिक रिबाउंडही धरलेत, त्यामुळे चेंबरलेनचा खरा वाटा जास्त निघेल. पण तो जवळपास पूर्ण 48 मिनिटं खेळायचा आणि रॉडमन 40, हा फरक उरतोच.

आमच्या क्लबच्या एका मुलीला जिल्ह्याच्या निवडीत याच कारणाने वगळलं. आमचा संघ संथ खेळायचा, त्यात हुकलेले शॉटच कमी. ती मात्र आपल्याच संघाचा हुकलेला बॉल दोघींच्या मधून काढून परत वर टाकायची. कार्यालयात गेलो, तर साहेबांनी रिबाउंडच्या बेरजेवर बोट ठेवलं आणि कागद मिटला. मिनिटं विचारली नाहीत, हुकलेले शॉट विचारले नाहीत. मुलीने खेळ सोडला. अजून राग येतो.

तुम्ही स्कोअर लिहीत असाल तर मिनिटं आणि दोन्ही संघांचे हुकलेले शॉट टिपाच. ऑफेन्सिव्ह रिबाउंड, म्हणजे आपल्याच संघाच्या हुकलेल्या शॉटवर घेतलेले, वेगळे लिहा. एनबीएतही ते 1973-74 पासूनच वेगळे नोंदले जातात.

माझं मत रॉडमनला, तेही साडेसहा फुटांच्या जरा वर उंची असताना. सहकाऱ्यांच्या शॉटची फिरकी बघून बॉल कुठे उडेल हे तो ताडायचा. पण चेंबरलेनला नुसतं काळाने मोठं केलं, असंही म्हणू नका. त्याच हंगामात एका सामन्यात त्याने 55 रिबाउंड घेतले, समोर त्याच काळातला मोठा रिबाउंडर बिल रसेल असताना. त्याला रसेलशीच तोला, आणि रॉडमनला ऑफेन्सिव्ह रिबाउंडसाठी नावाजलेल्या मोझेस मॅलोनशी. मॅलोनचे 1978-79 मधले 587 ऑफेन्सिव्ह रिबाउंड बघितलेत का?