लाइनबॅकर व्हायचंय, पण वजन १७५ पौंड

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या टेक्सासमध्ये प्लेनोला असतो. मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीत) खेळतो. उंची ५ फूट १० इंच, वजन १७५ पौंड. त्याला एनएफएलमध्येच, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्येच जायचंय. ह्यांचं म्हणणं, खेळ आत्ताच बंद करावा. काय करावं?

उत्तर : खेळ बंद करू नका. पण घरातलं नियोजन एनएफएलच्या भरवशावरही नको. अमेरिकेत दहा लाखांहून जास्त मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. एनएफएलचे संघ नवे खेळाडू घेतात त्या ड्राफ्टमध्ये वर्षाला साधारण २६० जण निवडले जातात. त्यांतही बहुतेकांची कारकीर्द थोड्या वर्षांत आटोपते. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, पण तो हंगामात आठवड्याच्या हिशोबाने मिळतो. संघाच्या ५३ जणांच्या यादीतून नाव गेलं की बहुतेकांचा पगारही थांबतो.

म्हणून लक्ष्य कॉलेजच्या शिष्यवृत्तीचं ठेवा. मोठ्या कॉलेजांचे लाइनबॅकर बहुधा सहा फुटांचे आणि २२० पौंडांच्या पुढचे असतात. दोन वर्षांत ४५ पौंड चढवायला गेलात तर चरबीच वाढेल, पाय जड होतील. त्यापेक्षा कोचशी बोलून यंदाच त्याचा सेफ्टीच्या, म्हणजे बचावात सगळ्यात मागच्या जागेवर सराव सुरू करा. १९० पौंडांत ती जागा निभावते. अडचण एकच. लाइनबॅकरला पुढे झेपावायची सवय असते, तर सेफ्टीला आधी मागे पळत आणि मग कंबर वळवून पास झेलणाऱ्या रिसीव्हरबरोबर धावावं लागतं. नवखा मुलगा वळताना ताठ उभा होतो, तिथे त्याचं एक पाऊल वाया जातं आणि तेवढ्यात पास पूर्ण होतो. उन्हाळ्यात हे रोज वीस मिनिटं घोटून घ्यायला हवं.

कोचना दाखवायला खेळाचे व्हिडिओ हडल या साइटवर टाकतात. तिथल्या फिल्ममध्ये मोकळ्या मैदानात एकट्याने केलेले टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) आधी लावा. घोळक्यात शेवटी जाऊन पडलेले टॅकल कोच बघत नाहीत.

कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या डिव्हिजनला (सगळ्यात वरच्या गटाला) १६ कोअर, म्हणजे मुख्य शैक्षणिक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यांतले दहा विषय बारावी सुरू व्हायच्या आत संपवायचे असतात. त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. आणि कोचच्या तोंडी ऑफरवर विसंबून दुसरी दारं बंद करू नका.

त्याच्या वडिलांची भीती रास्त आहे. टॅकल करताना डोळे वर, डोकं बाजूला, खांदा समोरच्याच्या मांडीवर आणि दोन्ही हातांचा विळखा. मान खाली घालून डोक्याने धडक दिली तर मानेचा नैसर्गिक बाक जातो आणि सगळा भार मणक्यांवर येतो. कन्कशनची (मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची) शंका आली तर टेक्सासच्या कायद्याप्रमाणे त्या दिवशी परत खेळता येत नाही. पुढेही डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. जागा जाईल म्हणून मुलं डोकेदुखी लपवतात. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. एवढ्या एका बाबतीत घरात कडक राहा. वारंवार कन्कशन झालं, तर खेळ थांबवा.

त्याला मायरन रोलबद्दल वाचायला द्या. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा सेफ्टी, ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवलेला. २०१० मध्ये एनएफएलच्या टायटन्स संघाने ड्राफ्टच्या सहाव्या फेरीत घेतला, पण नियमित हंगामातला एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन तो न्यूरोसर्जन झाला. ब्रँडन चिलारचे वडील भारतीय. तो मात्र एनएफएलच्या रॅम्स आणि पॅकर्स संघांसाठी लाइनबॅकर म्हणून २००४ ते २०१० खेळला.

या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरकडून त्याच्या विषयांची यादी घ्या आणि एनसीएएच्या मान्य कोअर विषयांशी ताडून बघा.