सोलापूरच्या १९३० मधील मार्शल लॉवरील (लष्करी अंमलावरील) विकिपीडिया लेखात आजोबांनी सांगितलेली हकिकत घालता येईल का?

नाही, थेट घालता येत नाही. विकिपीडियाला कुणालाही पडताळता येईल असा प्रकाशित संदर्भ लागतो. मी तिथे इतिहासाचे लेख संपादित करतो आणि हा नियम मला मनापासून पटतो. सोलापुरातल्या याच घटनांच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. अशा विषयात ऐकीव मजकूर शिरला की खरंखोटं निवडणं फार अवघड होतं. मात्र तीच आठवण एखाद्या वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात छापून आली असेल, तर सांगणाऱ्याच्या नावानिशी, अंक-तारीख किंवा पान क्रमांकासह जरूर द्या. दुसऱ्या संपादकानं ती काढली तर पुन्हापुन्हा टाकत बसू नका, लेखाच्या चर्चा पानावर संदर्भ मांडा.