बाळंतपणाची पिशवी कधी भरावी, त्यात काय ठेवावं?

आठवा महिना संपत आलाय, पिशवीत काय भरू, असं विचारलंत. ३६व्या आठवड्यापर्यंत ती दाराशी तयार ठेवाच. सगळ्यात वर फाइल: सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार. झबली-टोपडी थोडी चालतील, पण जुन्या सुती साडीची मऊ दुपटी भरपूर घ्या, धुऊन उन्हात वाळवलेली. तुमच्यासाठी पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड.

घरच्यांशी मात्र आत्ताच बोला: बाळाला मध, गुटी काहीही चाटवायचं नाही. पहिल्या तासाभरात अंगावर पाजायचं. तो पिवळसर चीक, म्हणजे आईचं पहिलं दूध, एक थेंबही वाया घालवू नका. 

पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तर कळांची वाट बघत बसू नका, लगेच निघा. गाडी नसेल तर १०८ लावा.