पाऊस तेवढाच, मग गवत कमी का?

प्रश्न : हवामान बदलामुळे पावसाचा जोर वाढतोय म्हणतात. मग गवताची तर चंगळच व्हायला पाहिजे ना? अतिवृष्टीने गवताळ प्रदेशांचं नुकसान होतं ते कसं काय?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, पण गवताला वर्षाची बेरीज कळत नाही हो, त्याला मुळांपाशी आज ओल आहे का एवढंच कळतं. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो आणि बऱ्याच ठिकाणी मधला खंड लांबत जातो.

अमेरिकेत कॅन्ससमध्ये कोन्झा प्रेअरी म्हणून उंच गवताचा प्रदेश आहे, तिथे शास्त्रज्ञांनी गवतावर छप्परं टाकून पावसाचं पाणी साठवलं आणि तेच सगळं पाणी कमी वेळा पण जास्त जोराने दिलं. एकूण पाऊस तेवढाच ठेवला होता बरं का! ४ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, त्यात गवताची वाढ घटली, मुख्य गवतं कार्बन कमी शोषायला लागली, वनस्पतींची विविधता मात्र वाढली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की सरासरी ओल किती यापेक्षा ओल किती वरखाली होते याचा वाढीवर जास्त परिणाम दिसला.

आता जमिनीवर काय होतं ते बघा. मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने आदळतो. खाली दाट गवत असेल तर पातीच तो मार झेलते आणि पाणी बुंध्यावरून निवांत मुरतं, पण अति चराईने जमीन उघडी पडली असेल तर थेंबाने ढेकूळ फुटतं, बारीक माती उडून छिद्रांमध्ये बसते, वर पापुद्रा धरतो आणि मग कितीही पाऊस पडू दे, पाणी आत न जाता वरची सुपीक माती आणि गवताचं बी घेऊन निघून जातं. म्हणजे पाऊस भरपूर झाला तरी मुळं कोरडीच, हे फार वाईट वाटतं बघायला.

सखल भागात उलटा त्रास. जमीन चिबडते, मातीतली हवा जाते, मुळं गुदमरतात, आणि ऑक्सिजन संपला की काही जिवाणू त्याऐवजी मातीतल्या नायट्रेटवर (नायट्रोजनच्या संयुगावर) जगायला लागतात, त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो जो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तापवणारा वायू आहे. शिवाय लांब खंडानंतर कोरड्या मातीत एकदम पाणी शिरलं की सूक्ष्मजीव जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोटच्या लोट बाहेर पडतो. गवताळ प्रदेशाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घ्यायची नाही.

पण सगळीकडे तोटाच होतो असंही नाही. मुळात कोरड्या गवताळ भागात हलक्या सरीचं पाणी वरच्या वर वाफ होऊन उडतं, तिथे एखादा मोठा पाऊस खोल मुरतो आणि गवत चांगलं वाढू शकतं. त्यामुळे ‘अतिवृष्टी म्हणजे नुकसान’ असं सरसकट लिहिलेलं वाचलं की मला पटत नाही, आधी जमीन कोणती ते विचारायला हवं.

प्रश्न : मग अशा ठिकाणी झाडं लावली तर माती आणि पाणी दोन्ही धरून राहील ना?

उत्तर : कृपया नको! हेतू चांगला असतो पण मूळ गवताळ प्रदेश म्हणजे उजाड पडलेलं जंगल नव्हे. गवताची बारीक तंतुमय मुळं वरच्या थरात जाळं विणतात आणि मातीचे कण बांधून ठेवतात, हे काम ती उत्तम करतात. झुडपांची मुळं खोल जातात, आणि जोरदार पावसाचं पाणी खोल गेलं की त्याचा फायदा झुडपांनाच जास्त होतो, म्हणजे त्यांचं आक्रमण तसंही सोपं होत चाललंय, त्यात आपण वरून खड्डे खणून भर टाकायची, सावलीने गवत विरळ करायचं आणि उघड्यावर जगणारे पक्षी-प्राणी हाकलायचे, हे कशासाठी? जिथे जमीन उघडी पडलीय तिथे तिथलंच गवत परत येऊ द्या, चराई थांबवून थांबवून करा.

प्रश्न : मोठा पाऊस झाल्यावर कुरणात गुरं कधी सोडावीत?

उत्तर : वाफसा आल्यावरच, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिली की. ओल्या जमिनीत खूर रुततो, माती दाबली जाते, ठोंब उखडतात आणि पुढचं पाणी मुरायला जागाच राहत नाही. मूठभर माती घेऊन दाबा, चिखलासारखी चिकटली तर अजून थांबा, गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर सोडायला हरकत नाही, पण आधी उंचवट्याकडे सोडा, सखल भाग सगळ्यात शेवटी.