निसर्गोपचारक ‘परवानाधारक’ की ‘नोंदणीकृत’?

एका वाचकांचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या निसर्गोपचारविषयक कायद्यांवरचा एक लेख ते मराठीत आणत आहेत. मुळात ‘लायसन्स्ड’, ‘रजिस्टर्ड’ आणि ‘सर्टिफाइड’ असे तीन शब्द पुन्हापुन्हा येतात. तिन्हींसाठी ‘मान्यताप्राप्त’ वापरलं तर चालेल का? आणि ‘रेग्युलेशन’ला नियंत्रण म्हणावं, नियमन की विनियमन?

‘मान्यताप्राप्त’ कृपा करून वापरू नका. हा शब्द कानाला भारदस्त लागतो, पण मान्यता कुणी दिली आणि कशाला दिली, हे दोन्ही तो गिळून टाकतो. ‘शासनमान्य’चं तेच. काही वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही एका निसर्गोपचार केंद्रात गेलो होतो. फलकावर ‘शासनमान्य’, त्याखाली ‘रजि. नं.’ आणि एक आकडा. आई मातीचा लेप लावून पडली होती तेव्हा मी भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्र वाचलं. ते सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीचं होतं, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातलं. नोंदणी संस्थेची होती. लेप लावणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं आणि तोच माणूस आईला रक्तदाबाची गोळी बंद करायला सांगत होता. आम्ही ती बंद केली नाही. तेव्हापासून हे शब्द मी फार जपून वाचते.

आता एकेक शब्द. ‘परवाना’ फारसीतून आला, मूळ अर्थ लेखी हुकूम. दारूचा, बंदुकीचा, दुकानाचा परवाना असं आपण म्हणतो, म्हणजे परवाना एखाद्या कृतीला असतो. तो नसताना ती कृती केली तर गुन्हा. सरकारी मराठीत त्यालाच ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात; आरटीओच्या कागदावर ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ असते, घरी मात्र सगळे लायसन्सच म्हणतात. ‘नोंदणी’ म्हणजे एखाद्या वहीत नाव चढणं. जन्माची होते, लग्नाची होते, गाडीची होते. नाव चढल्याने काय मिळतं आणि न चढल्याने काय अडतं, हे तो तो कायदा सांगतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चा. त्याखाली आयुर्वेद आणि युनानी व्यवसायींची नोंदणी होते आणि कलम ३३ नुसार नोंदणी नसलेल्याला व्यवसाय करायला मनाई आहे. म्हणजे शब्द नोंदणीचा, पण काम परवान्याचं. ‘डॉक्टरचा परवाना रद्द’ अशी बातमी छापून येते तेव्हा नोंदवहीतून नाव कमी झालेलं असतं. अर्थ पोचतो, म्हणून कुणी अडत नाही. वकिलांसाठी आपल्याकडे ‘सनद’ आहे, फार नेमका शब्द. सनद माणसाला मिळते, त्याच्या लायकीवर मिळते आणि निलंबितही होते.

अमेरिकेच्या बाबतीत मात्र हा ढिलेपणा परवडणार नाही. तिथे दर राज्याचा कायदा वेगळा. ओरेगनमध्ये १९२७ पासून निसर्गोपचारकांना लायसन्स आहे, तिथे ‘परवाना’ बरोबर. मिनेसोटाचा कायदा मुद्दाम ‘रजिस्टर्ड’ म्हणतो. तिथे नोंदणीने त्या पदनामाला संरक्षण मिळतं. नोंदणी नसलेल्याला ती बिरुदावली लावता येत नाही, पण म्हणून त्याचं काम बंद पडत नाही. दोन्हीकडे ‘मान्यताप्राप्त’ लिहिलंत तर कायद्यांमधला मुख्य फरकच पुसला जाईल. ‘सर्टिफाइड’ला ‘प्रमाणित’ही करू नका. प्रमाणित प्रत असते, माणूस नव्हे. ‘प्रमाणपत्रधारक’ लिहा आणि प्रमाणपत्र कुणाचं तेही लिहा, कारण ते बऱ्याचदा खाजगी संस्थेचं असतं.

थोडं विषयांतर, पण शब्दवेड्यांना आवडेल असं. जर्मनीत डॉक्टरला मिळते ती ‘अप्रोबात्सिओन’, म्हणजे आपली सनदच, आणि ‘हाइलप्राक्टिकर’ला, म्हणजे डॉक्टर नसलेल्या उपचारकाला, मिळते ती ‘एर्लाउब्निस’, म्हणजे शब्दशः परवानगी. हाइलप्राक्टिकरविषयीच्या १९३९ च्या कायद्याचं पूर्ण नाव मराठीत आणायचं तर ‘सनदेविना व्यवसाय म्हणून रोगोपचार करण्याबाबतचा कायदा’ असं काहीसं होईल. वय किमान पंचवीस हवं आणि आरोग्य कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते. ती मुख्यतः एवढंच पाहते की या माणसापासून लोकांच्या आरोग्याला धोका नाही ना. ठरावीक शिक्षणक्रमाची अट नाही. सनद आणि परवानगी यांत एवढं अंतर असू शकतं.

इकडे कर्नाटकच्या १९६१ च्या नोंदणी कायद्याच्या नावातच आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांच्या जोडीला निसर्गोपचार आणि योग आहेत. केंद्राच्या २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या कायद्यात मात्र आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत, निसर्गोपचार नाही. ज्या महाराष्ट्रात गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळी कांचनला आश्रम काढला आणि हा शब्द घरोघरी गेला, तिथल्या वाचकाला हे नक्की खटकेल. म्हणून निसर्गोपचार आणि योग यांचा साडेपाच वर्षांचा बीएनवायएस हा पदवी अभ्यासक्रम करून आलेल्यांना ‘बीएनवायएस पदवीधर’ म्हणा, त्यात त्यांचे कष्ट दिसतात. ‘नोंदणीकृत’ लिहायचं तर कुठल्या कायद्याखाली, ते सोबत हवं. ‘निसर्गोपचारतज्ज्ञ’ हा शब्द मी टाळते. तज्ज्ञ ठरवणारा कुणीतरी लागतो. ‘निसर्गोपचारक’ पुरे.

‘रेग्युलेशन’चं उत्तर सोपं आहे. क्रियेला ‘नियमन’. नियंत्रण गर्दीवर, किमतींवर ठेवतात. व्यवसायाचं नियमन करतात. आपल्या कायद्यांत साधारणपणे सरकार करतं ते नियम आणि परिषद किंवा आयोग करतो ते विनियम, तेव्हा अनेकवचनी ‘रेग्युलेशन्स’ना ‘विनियम’.

ओरेगन आणि मिनेसोटाबद्दलची वाक्यं मी अशी करीन: ‘ओरेगनमध्ये परवान्याशिवाय निसर्गोपचारक म्हणून व्यवसाय करता येत नाही. मिनेसोटात नोंदणीशिवाय ते पदनाम लावता येत नाही.’