लायब्ररी नाही म्हणून पॅकेज अडतंय, मग ती अटच काढून टाकली तर?

प्रश्न : ऑफिससाठी मी सी मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, बिलं एन्क्रिप्ट करून सर्व्हरला पाठवतो. डेब पॅकेज (इन्स्टॉल करायची फाइल) माझ्या लॅपटॉपवर, उबुंटू लिनक्स २२.०४ वर बनवलं. ऑफिसात अजून २०.०४ आहे, तिथे लिबसी६ (सी प्रोग्रामची मूळ लायब्ररी) जुनं आहे आणि लिबएसएसएल३ (ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी) मिळत नाही असं सांगून इन्स्टॉलच होत नाही. एकाने सांगितलं म्हणून कंट्रोल फाइलमधून (पॅकेजला काय लागतं ते, म्हणजे डिपेंडन्सी, तिच्यात असतात) दोन्ही अटी काढून लिबएसएसएल१.१ लिहिलं. आता इन्स्टॉल होतं, पण चालूच होत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्या दोन अटी परत होत्या तशा लिहा. त्या तुम्ही किंवा उबुंटूने मनाने ठरवलेल्या नाहीत हो, पॅकेज बनताना एक टूल तुमची बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) उघडून बघतं की हिला कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती लागते, मग ती ज्या पॅकेजात असेल त्याचं नाव डिपेंडन्सीत टाकतं. तुमची बायनरी ओपनएसएसएल ३ ला जोडलेली आहे, हे तिच्या पोटातच लिहिलंय. कंट्रोल फाइल बदलून एपीटी (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) गप्प बसलं, पण प्रोग्राम चालू करताना लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा) तीच लायब्ररी शोधणार, ती नाही सापडली की संपलं. म्हणजे जी एरर इन्स्टॉल करताना तुमच्यासमोर येत होती ती आता अकाउंट्सवाल्यांसमोर येते, आणि त्यांना त्यातलं काही कळायचं कारण नाही.

बरं, लिबएसएसएल३ कुठून तरी आणून २०.०४ वर टाकलं तरी सुटका नाही, कारण खरी अडचण लिबसी६ म्हणजे जीलिबसीची आहे. २०.०४ मध्ये ती २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. मधल्या २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी असलेली लायब्ररी मुख्य लायब्ररीतच घेतली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवीन आवृत्तीची खूण लागली, त्यामुळे २२.०४ वर नेहमीच्या पद्धतीने कंपाइल केलेला अगदी दोन ओळींचा सी प्रोग्रामसुद्धा २०.०४ वर चालत नाही. जीलिबसी जुन्या बायनरीला सांभाळून घेते, जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलटं मात्र नाही. आणि म्हणून जीलिबसी ओढून नवीन करायच्या फंदात अजिबात पडू नका, सिस्टीममधलं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे.

मग करायचं काय, तर सोर्स तोच ठेवून पॅकेज २०.०४ मध्येच पुन्हा बिल्ड करायचं. त्यासाठी वेगळं मशीन नको, एसबिल्ड किंवा पीबिल्डर २०.०४ चं स्वच्छ वातावरण तुमच्याच लॅपटॉपवर तयार करून देतात, कंटेनरमध्येही जमतं. स्वच्छ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपल्या रोजच्या मशीनवर कधीतरी टाकलेल्या दहा गोष्टी असतात आणि त्या नकळत बिल्डमध्ये शिरतात. बिल्डच्या डिपेंडन्सीत आवृत्ती न घालता फक्त लिबएसएसएलचं डेव्ह पॅकेज (बिल्ड करायला लागणाऱ्या फाइल्सचं) लिहा, २०.०४ मध्ये त्यातून आपोआप १.१ ची अट येईल आणि २२.०४ मध्ये ३ ची. कोडमध्ये फक्त ओपनएसएसएल ३ मध्येच असलेलं काही वापरलं असेल तर बिल्ड तिथेच पडेल, आणि ते चांगलंच आहे, निदान तुमच्या टेबलावर पडेल.

दोन रिलीजसाठी दोन पॅकेजेस झाली की आवृत्तीला १.२-१~२०.०४ आणि १.२-१~२२.०४ अशी शेपूट लावा. ~ हे चिन्ह डेबियनच्या (उबुंटू ज्यावर बेतलंय त्या लिनक्सच्या) हिशोबात रिकाम्यापेक्षाही खाली धरतात, त्यामुळे मशीन पुढच्या रिलीजला गेलं की तिथलं पॅकेज बरोबर वरचं ठरतं.

आणि ऑफिसात हे नक्की बोला : ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्टही मे २०२५ मध्ये. बिलं पाठवणाऱ्या मशीनसाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

प्रश्न : उबुंटू २४.०४ वर लिबएसाउंड२ (आवाजाची लायब्ररी) इन्स्टॉल करायला गेलं की ते व्हर्च्युअल पॅकेज (नुसतं नाव, जे दुसरी पॅकेजं पुरवतात) आहे, उमेदवार नाही असं येतं. आमच्या ॲपच्या डिपेंडन्सीत तेच नाव आहे.

उत्तर : लायब्ररी कुठे गेली नाही, नाव बदललंय. ३२ बिटच्या मशीनवरचं वेळ मोजायचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरून उलटतं, ते टाळायला डेबियन आणि उबुंटूने वेळेचा आकडा ६४ बिटचा केला, आणि त्यात लायब्ररीची आतली रचना बदलू शकते म्हणून शेकडो पॅकेजांच्या नावाला टी६४ जोडलं. नेहमीच्या ६४ बिट पीसीवर रचना तीच राहिली, त्यामुळे नवं पॅकेज जुन्या नावालाही ओ देतं. लिबएसाउंडच्या बाबतीत घोटाळा असा की त्याच जुन्या नावाला ओएसएस४ साल्सा या आवाजाच्याच वेगळ्या लायब्ररीचं एक दुसरं पॅकेजही ओ देतं आणि त्यात सगळी फंक्शन्स नाहीत. तुमच्या डिपेंडन्सीत आवृत्ती नसेल तर एपीटी तेही उचलू शकतं, मग इन्स्टॉल नीट होऊन ॲप सिंबॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणत पडतं. आधी टी६४ चं नाव, मग उभी रेघ (|), मग जुनं नाव असं लिहा, जुन्या आणि नव्या दोन्ही रिलीजवर चालेल.

प्रश्न : एवढा त्रास नकोच, ज्यावर टेस्ट केलं तीच आवृत्ती बरोबरचं चिन्ह (=) टाकून पक्की केली तर? किंवा सगळ्या लायब्ररी पॅकेजातच भरल्या तर?

उत्तर : पक्की करू नका. उद्या त्या लायब्ररीचा सिक्युरिटी अपडेट आला की तुमची अट मोडते म्हणून एपीटी तो अपडेट मागे ठेवतं, आणि तुमच्या एका पॅकेजपायी अख्खं मशीन भोकासकट राहतं. बरोबरचं चिन्ह एकाच सोर्समधून निघालेल्या पॅकेजांमध्ये आपसात ठीक आहे, इतरत्र ‘एवढी किंवा पुढची’ पुरतं.

भरून द्यायचं तर जबाबदारी घेऊन द्या. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भोक निघालं तेव्हा सिस्टीमची लायब्ररी वापरणाऱ्यांना एक पॅकेज अपडेट करून सर्व्हिसेस रीस्टार्ट करायच्या होत्या (सर्टिफिकेटं बदलायचं काम होतं ते वेगळं), पण ज्यांनी स्वतःची कॉपी आत भरली होती त्यांच्या प्रत्येक ॲपची वाट बघावी लागली. तुम्ही दर अपडेटला लगेच नवीन पॅकेज काढणार असाल तर भरा, नाहीतर ते काम डिस्ट्रोच्या (म्हणजे उबुंटूच्या) सिक्युरिटी टीमकडेच राहू द्या.